वरची बांगडी

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले. होस्टेलवर अंक आला की मी मोठ्यानं वाचून दाखवायची आणि प्रत्येक अनुभवाखाली पेन्सिलीनं कारण लिहून टाकायची — 'अपुरी झोप', 'मांजर', 'गॅस गळती', 'नवऱ्यावर संशय'. भुताखेतांवर, शक्तीबिक्तीवर माझा कवडीचा विश्वास नव्हता. आज मीच इथे लिहायला बसलेय हे मैत्रिणींना कळलं तर माझं काही खरं नाही. तरीपण जे झालं ते क्रमानं सांगते. पेन्सिल तुमच्याही हातात असेलच.

मी ऋतुजा. गाव जळकोट. शिकते लातूरला — बीएस्सी फॉरेन्सिक सायन्स, शेवटचं वर्ष. 'मुडदे फाडायचं शिकती का?' असं गावात अर्ध्या लोकांनी विचारून झालंय. बाबा मात्र एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतात, "आमची पोरगी सायंटिस्ट हाय." त्यांचा हा विश्वासच पुढे मला नडला.

माझी रूममेट अस्मा मणियार, उदगीरची. घरात चार पिढ्यांचा बांगड्यांचा धंदा. बांगडी भरणारीला आधी हात दाबून बघावा लागतो — हाड कुठे अडतंय, अंगठा किती आत वळतोय — तेव्हा कुठे बांगडी न फुटता चढते. अस्मा हे काम सात वर्षांची असल्यापासून करत आलेली. आणि तिचं असं होतं की एकदा हातात घेतलेला हात ती विसरायची नाही. डोळ्यांवर ओढणी बांधायची, मुलींनी एकेक करून हात पुढे करायचा आणि अस्मानं नाव सांगायचं, हा आमच्या होस्टेलचा रविवारचा खेळ.

मी अर्थातच टेस्ट घेतली. बर्फाच्या पाण्यात बुडवलेले हात दिले. साबण लावून दिले. रबरी हातमोजे घालून दिले. नायगावच्या दोघी जुळ्या बहिणी आहेत आमच्या वर्गात, त्यांना मुद्दाम उलटसुलट उभं केलं. ती एकदाही चुकली नाही. मी वहीत लिहिलं — 'वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेली स्पर्शस्मृती' — आणि विषय संपवला.

"सुपरपॉवर म्हण ना सरळ," ती म्हणायची.

"पॉवर असती तर व्हायव्हाला नापास झाली नसतीस."

"तुझा हात उद्या कुठं तुटून पडला ना, तर ओळखायला मीच लागंन. नीट बोल."

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. अस्माच्या लॅबच्या डब्यात, ब्रश, पावडर आणि भिंगाच्या मधोमध, फडक्यात गुंडाळलेली एक हिरवी काचेची बांगडी असायची. एकच. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "दादीची हाय. नवरीचा चुडा भरला की शेवटाला एक बांगडी वरून देतेत, तिचे पैसे घेत नाहीत. ही तसली वरची बांगडी. कुणाची तरी राह्यली. अब्बा म्हणतेत, विकायची नाही, फोडायची नाही." ती बांगडी अस्माच्या हातात जायची नाही, तिचा हात मोठा. आणि तिची दादी अस्मा जन्मायच्या चार महिने आधी वारलेली. तेव्हा या माहितीचं मला काडीचंही महत्त्व वाटलं नाही.

आता आमच्या घरचं. सुमनआत्या, बाबांची धाकटी बहीण, माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी घरातून निघून गेली. लग्न चार दिवसांवर आलं होतं. आजोबा नव्हते, त्यामुळे स्थळ बाबांनीच आणलेलं आणि बाबांनीच पक्कं केलेलं. चुडा भरायला तेच तिला उदगीरला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी उजाडलं तर आत्याचं अंथरूण घडी करून ठेवलेलं आणि आत्या नाही. विहिरी बघून झाल्या, नातेवाईक झाले, पोलीस झाले. ही गोष्ट बाबा दर वेळी त्याच शब्दांत सांगायचे : "दुकानात सोडलं, मी स्टँडवर चहाला गेलो. वापस आलो तर पोरगी हसत होती." पुढे बोलायचे नाहीत.

आत्याचा म्हणून घरात एकच ठेवा होता. अंगणातला पाण्याचा हौद बांधला तेव्हा ओल्या सिमेंटमध्ये तिनं हात ठेवला होता. दहा वर्षांची होती तेव्हा. हौदाच्या काठावर तो पंजा अजून आहे. आई पंचमीला त्याला हळदकुंकू लावते. बाबा सकाळी तोंड धुताना आधी त्या पंजावर पाणी घालतात, मग स्वतःच्या तोंडावर.

गेल्या उन्हाळ्यात नांदेडच्या एका निराधार महिलांच्या आश्रमातून फोन आला. काही वर्षांपूर्वी गोदावरीच्या घाटावर सापडलेली एक बाई तिथे होती. नाव सांगत नव्हती म्हणून सगळे गंगामावशी म्हणत. बोलणं जवळपास नाहीच. पण अलीकडे पाणी भरताना दोन शब्द पुटपुटायला लागली होती — 'जळकोट' आणि 'हौद'. आश्रमाच्या ताईंनी जळकोटला चौकशी केली आणि फिरत फिरत ती आमच्या घरी येऊन थांबली.

बाबा बघून आले. वय एक्केचाळीस असायला हवं होतं, दिसत होतं साठीचं. "डोळे सुमीचे वाटतेत," ते म्हणाले, "पर मला बावीस वर्षं झाले कुणाचेबी डोळे सुमीचेच वाटून राहिलेत."

वेळ कमी होता. आश्रम बंद होणार होता, बायकांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थांमध्ये हलवणार होते. पंधरा दिवसांत हो किंवा नाही लिहून द्यायचं होतं. डीएनए करायचं तर अर्ज, परवानगी, नमुने, रिपोर्ट — महिने जातात. बाबांनी मला फोन केला. "तू बघ. तू म्हणली हाय तर हाय, न्हाई म्हणली तर न्हाई."

मी खूश झाले. खोटं कशाला बोलू? पहिली खरीखुरी केस आणि तीही घरची.

जळकोटला जाऊन हौदावरच्या पंजाचं प्लास्टरमध्ये कास्ट घेतलं. मिस्त्रीनं काठावर आधी पातळ सिमेंट घोटलेलं, त्यामुळे इतक्या वर्षांनीही अंगठ्याच्या रेषा बऱ्यापैकी शिल्लक होत्या. नांदेडला जाऊन गंगामावशीचे ठसे घेतले. कष्टानं बोटं इतकी झिजलेली की आधारचं मशीन ते घेतच नव्हतं. पण शाईनं, हळूहळू, तीन-तीनदा घेतल्यावर अंगठ्याची ठेवण कळली. तिच्या अंगठ्यावर शंख होता. कास्टच्या अंगठ्यावर चक्र. आम्ही लूप आणि व्होर्ल म्हणतो, घरोघरी शंख-चक्र म्हणतात. हात लहानाचा मोठा होतो, रेषा झिजतात, पण चक्राचा शंख कधीही होत नाही. हे पुस्तकातलं पहिलं पान आहे.

"बाबा, ती आत्या नाही," मी फोनवर सांगितलं. "शंभर टक्के."

"बरं झालं सांगितलं," ते म्हणाले. " शनवारी नांदेडला जाऊन तोंडानं सांगतो त्यांला. फोनवर बरं न्हाई दिसत."

त्या आवाजानं मला वाईट वाटलं, पण माझ्या निष्कर्षाबद्दल तसूभरही शंका नव्हती. शनिवारी मीही जायचं ठरवलं, कास्ट सोबत घेऊन, म्हणजे बाबांना आणि ताईंना नीट दाखवता येईल. अस्मा म्हणाली, मीपण येते, आणि तिनं आपला लॅबचा डबा माझ्या बॅगेत टाकला.

लातूर-नांदेड गाडीला गर्दी होती. कास्ट माझ्या मांडीवर मावेना, म्हणून टॉवेलात गुंडाळून अस्माकडे दिलं. "हात लावायचा नाही त्याला, पुरावा आहे तो," असं मी बजावून ठेवलेलं. कंडक्टरनं टॉवेलातून वर आलेली पांढरी बोटं बघितली आणि शांतपणे विचारलं, "ह्याचं अर्धं तिकीट फाडू का?" अख्खी गाडी हसली. अहमदपूरच्या पुढे खड्ड्यांनी टॉवेल सरकला आणि पुढचा सगळा रस्ता अस्मा तो पंजा दोन्ही हातांनी धरून बसली होती. मी ओरडले नाही, कारण माझ्या दृष्टीनं केस संपली होती.

आश्रमात पोचलो तेव्हा सकाळचे साडेअकरा असतील. व्हरांड्यात सात-आठ बायका मेथी निवडत बसलेल्या. गंगामावशी खांबाला टेकून, जराशी वेगळी. बाबा बाकावर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांच्या शेजारी ताई, मांडीवर कागदांची फाइल.

"आण बाई, जड असंल," म्हणत बाबांनी अस्माकडून कास्ट घ्यायला हात पुढे केले. त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली. अस्मानं कास्ट सोडलं, पण बाबांचा उजवा हात सोडला नाही. अंगठा दाबून बघितला, मग तळवा.

"काका," ती म्हणाली, "हा हात तुमचा हाय."

"माझाच हाय की बाई. सोड."

"तसं नाही. ह्या प्लास्टरमधला हात तुमचा हाय."

मी हसले. खरंच हसले. मग तिचं तोंड बघितलं आणि बॅगेतून शाईचं पॅड काढलं, फक्त तिला खोटं पाडायला. बाबांचा अंगठा कागदावर फिरवला, भिंग लावलं. चक्र होतं. मधोमध रेष फुटून दोन झालेली जागा, तिच्या खाली तुटक रेघ, डावीकडे डोळ्यासारखा छोटा आकार... बारा जागा जुळल्यावर मी मोजणं थांबवलं.

बाबा कास्टकडे बघत राहिले. "सुमीला सिमिट झोंबलं होतं," ते हळूहळू म्हणाले. "बोट टेकवलं अन् वढून घेतला तिनं हात. मिस्त्री म्हणला, आता तू ठेव... हाव. मीच ठेवला. तेरा वर्षांचा होतो मी."

"मग इतकी वर्षं आत्याचा हात म्हणून...?"

"काय की. ती गेल्यावर तिचा झाला बघ तो."

शाळेत जाताना ज्या हाताला धरून गेले, तो हात मी एकदाही नीट बघितला नव्हता. ज्या नमुन्याशी तुलना करायची तो खरोखर कुणाचा आहे, हे आधी तपासायचं असतं. हेही पहिल्याच पानावर आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण अडचण पुढे होती. माझं 'नाही' पुसलं गेलं तरी त्याच्या जागी 'हो' आलं नव्हतं. आत्याचा ठसा जगात कुठेच शिल्लक नव्हता. ताई पेन उघडून बसलेल्या. बाबा माझ्याकडे बघत होते आणि सायंटिस्ट पोरीकडे सांगायला काहीही नव्हतं.

तेवढ्यात अस्मा उठून गंगामावशीसमोर जाऊन बसली. एक गुडघा वर, एक खाली, बांगडी भरणाऱ्या बायका बसतात तशी. मावशीच्या हातातली मेथीची काडी काढून बाजूला ठेवली आणि तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. मावशी कुणाला हात लावू द्यायची नाही. ठसे घेताना मला तीन तास लागले होते. अस्माला तिनं लगेच दिला.

अस्मा बोटांची पेरं दाबत गेली. मग बोलायला लागली. आवाज तिचाच होता, पण बोलणं तिचं नव्हतं. अस्मा भराभरा बोलते. हे सावकाश चाललं होतं, हाताला काम असताना तोंडानं बोलावं तसं.

"मूठ सैल सोड बेटी. आंगठा आत घे. अस्सं. ...रडू नको. काच हाय, हात हलला की फुटंल. ...भाऊ दारातच उभा हाय. बघितलं त्यानं तुला रडताना. तोंड फिरवलं. नको बघू तिकडं. माझ्याकडं बघ."

मी बाबांकडे वळले. त्यांच्या हातातून कास्ट बाकावर घसरलं होतं आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

"वरची घेत नाहीस?" अस्मा म्हणत होती. "शगुनाची असती ती. ...बरं. बरं बेटी, ठेवते. कुणाला देत नाही. वापस येशील तवा घाल."

मग ती थांबली, आणि अगदी रोजच्या आवाजात मला म्हणाली, "ऋतू, माझा डबा दे गं."

मी दिला. तिनं फडकं सोडून हिरवी बांगडी काढली. गंगामावशीनं न सांगता अंगठा आत वळवला, बोटं जुळवली. बांगडी एका दमात मनगटात गेली. मावशीनं ती एकदा गोल फिरवून बघितली. मग वीस वर्षांच्या अस्माकडे बघून, चार वर्षांत आश्रमातल्या कुणी ऐकलं नव्हतं एवढं लांब वाक्य बोलली.

"मावशी, लई दिस सांभाळली बगा."

व्हरांड्यातल्या बायकांची मेथी थांबली. ताईंनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

बाबा उठून तिच्यापासून दोन हातांवर खाली फरशीवर बसले. "मी चहाला गेलोच नव्हतो," ते म्हणाले. तिला म्हणाले की मला, ते अजून कळलेलं नाही. "दारातच होतो. लई रडत होती. मला वाटलं, पोरी रडतेतच. मी रस्त्याकडं तोंड केलं. कुणालाच न्हाई सांगितलं हे... तुझ्या आईलाबी न्हाई."

आत्यानं — आता आत्याच म्हणते — त्यांच्याकडे बघितलं. समोरच्या ढिगातली अर्धी मेथी हातानं त्यांच्यापुढे सरकवली. बाबा मान खाली घालून ती निवडत बसले. इस्त्रीच्या शर्टावर टपटप पाणी पडत होतं. मीही रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

त्या दिवशी बाबांनी 'हो'वर सही केली. रीतसर अर्ज करून नंतर डीएनएही झालं. रिपोर्ट आला — सख्खी भावंडं. म्हणजे ती सुमनआत्या आहे, याचं कारण माझ्याकडे शिक्क्यासकट आहे.

दुसऱ्या गोष्टीचं नाही.

मी ते सोडलंय असं समजू नका. उदगीरला अस्माच्या घरी जाऊन अब्बांची उलटतपासणी घेतली. त्यांना बांगडी कुणाची ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या आईनं एवढंच सांगून ठेवलेलं, "हिची मालकीण यायची हाय." भाऊ, दार, रडणं — काहीही नाही. दादीनं अब्बांना सांगितलं नाही, बाबांनी कुणालाच सांगितलं नाही आणि आत्या बोलतच नव्हती. मग अस्माला कुणी सांगितलं? स्पर्शानं हात ओळखता येतो, मान्य. दुसऱ्या बाईनं, जी तुमच्या जन्माआधी मेली, तिनं धरलेला हात?

अस्माला विचारलं तर म्हणते, "मी कुठं बोलले? मला वाटलं तीच बोलून राहिली." मग जरा वेळानं, नेहमीसारखं, "म्हणलं होतं ना सुपरपॉवर?" परवाच्या व्हायव्हाला पास झाल्यापासून तर तिला जमिनीवर आणणं अवघड झालंय.

आत्या आता जळकोटलाच आहे. थोडं थोडं बोलते, बाबांशी सगळ्यांत कमी, पण सकाळचा चहा त्यांना तीच देते. या पंचमीला आई सवयीनं हौदावरच्या पंजाला हळदकुंकू लावायला गेली. आत्या मागेच उभी होती. म्हणाली, "वैनी, त्यो दादाचा हात हाय. मला सिमिट झोंबलं होतं."

आईनं हळदकुंकवाचं बोट आत्याच्या कपाळाला लावलं आणि दोघी घरात गेल्या.

हा अनुभव छापून आला की तो अंक होस्टेलवर येईल. मी पेन्सिल घेऊन बसून बघितलंय, त्याखाली लिहायला माझ्याकडे अजून काहीही नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा. खोडरबर मी घेणार नाही.